कॅरिअर रिकामं ठेवू नये

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. गावोगावी सायकली आल्या होत्या, पूल मात्र आला नव्हता. खाप्याला कन्हान नदी ओलांडायची तर नावच. सकाळ झाली की पलीकडच्या वस्तीतले लोक मँगनीजच्या खाणीवर निघत, कोष्टी विणलेली लुगडी घेऊन बाजाराला निघत, आणि ज्याच्या त्याच्या हातात सायकल. स्वतःला बसायला जागा नसली तरी चालेल, पण सायकल आडवी टाकायची नाही, तिला उभीच धरायची, असा एकेकाचा थाट. नावाडी मार्तंड वैतागून म्हणायचा, "तुमी पोहून जा गा सारे. म्या सायकली नेतो."

या मार्तंडाचा एक नियम होता. रिकाम्या कॅरिअरची सायकल तो नावेत चढू देत नसे. नदीच्या दोन्ही काठांवर त्याने दगडांचे ढीग करून ठेवले होते. ज्याच्या कॅरिअरवर ओझं नाही त्याने एक दगड उचलायचा, चापाखाली अडकवायचा आणि उतरल्यावर पलीकडच्या ढिगात टाकायचा. खाणीवर नवीन आलेला एक कारकून या प्रकाराला हसला होता. त्याच्याशी कोणी वाद घातला नाही, एकाने नुसता त्याच्या हातात दगड दिला.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण नदीवर असताना कोणी ते बोलत नसे. काही वर्षांपूर्वी खाणीवरचा एक माणूस आपल्या बाळंतीण बायकोला माहेराहून घेऊन येत होता. नाव खच्चून भरलेली. बसायला जागा नव्हती म्हणून ती बाई उभ्या सायकलच्या कॅरिअरवरच बसली, मांडीवर तान्हं लेकरू. मधल्या धारेत नाव कलंडली. नवरा पोहत काठाला लागला तेव्हा त्याच्या हातात सायकलचं हँडल होतं. त्याने सायकल वाचवली होती. बाई दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात सापडली. लेकरू सापडलंच नाही.

तेव्हापासून ती रिकामं कॅरिअर शोधते, असं म्हणत. जागा मिळाली की बसते, आणि सायकल जिथं थांबेल तिथं उतरते. ज्याच्या घरी तान्हं मूल असे त्याला तर मार्तंड स्वतःच्या हाताने दगड बांधून द्यायचा.

रुपराव कोष्ट्याच्या घरी तान्हं मूल होतं. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती, दोन मुलं जन्मून दगावली होती, आणि आता हा तिसरा चांगला धडधाकट रडत होता. त्याचं रडणं ऐकत माग चालवायला रुपरावाला इतकं बरं वाटे की धोटा आपोआप पळे. पण घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. बाळंतीण गोपिकाच्या अंगात उठायचं त्राण नव्हतं आणि पोराला न्हाऊमाखू घालायचं तिच्या हाताला जमत नव्हतं. खाप्याची जनाबाई या कामात नावाजलेली. गोपिकाने तिला पाहिलं नव्हतं, नुसतं नाव ऐकून होती. तयार लुगडी बाजारात देऊन, नागपूरच्या इतवारीहून आलेलं सूत घेऊन, येताना जनाबाईला कॅरिअरवर बसवून आणायचं, असं ठरवून रुपराव त्या दिवशी निघाला होता.

जनाबाईने मात्र मान हलवली. "आज अवस आहे बापा. पहिल्यांदा लेकराच्या आंगाले अवसेच्या दिवशी हात लावत नसतेत. उद्या येतो मी. तुह्या बायकोले सांग, एक दिवस कळ काढ म्हणा."

म्हणून तो एकटाच परतला. कॅरिअरवर सुताचं गाठोडं होतं. मार्तंडाने गाठोड्यावर हात दाबून पाहिलं आणि दगड न देता त्याला नावेत घेतलं. दिवस बुडत आला होता. पावसाळा सरतानाचं पाणी, वरून संथ आणि आतून ओढ असलेलं. नावेत दोघंच, आणि मध्ये ती सायकल. नागपूरला सीताबर्डीवरून आणलेली, हिरव्या रंगाची, जिच्यासाठी रुपरावाने वर्षानुवर्षं रात्रीचा दिवस केला होता.

मधल्या धारेत नाव डुलायला लागली. पाण्याचे शिंतोडे उडून गाठोड्यावर पडले. आता कोष्ट्याच्या जातीला सूत भिजताना बघवत नाही. भिजलेलं सूत गुंतलं की सोडवताना डोळ्यांतून पाणी निघतं. रुपरावाने काही विचार केला नाही. त्याने चाप उचलला, गाठोडं काढलं आणि पोरासारखं छातीशी धरलं.

नाव मागच्या बाजूला जराशी दबली.

मार्तंडाची पाठ त्याच्याकडे होती. तो वल्हं मारता मारता थांबला. "रुपराव... गाठोडं कुठी आहे गा?"

"हे काय, माह्यापाशी. भिजून राहिलं होतं."

मार्तंड वळला नाही. काठ येईपर्यंत तो नुसतं वल्हं मारत राहिला. नाव वाळूला लागली तशी त्याने पाण्यात उडी टाकली आणि सायकलकडे न बघता रुपरावाचा दंड धरला.

"सायकल इथंच सोड. पाण्यात लोटून दे."

"काहून? येडा झाला का तू? माही सायकल आहे ते!"

"मी का सांगून राहिलो समजून घे... तुह्या घरी लेकरू आहे."

रुपरावाला समजलं होतं. पण सायकल पाण्यात लोटायची? त्याचा जीव होईना. तो हसल्यासारखं करून म्हणाला, "काही नाही गा. क्षणभर तं काढलं होतं." आणि त्याने गाठोडं पुन्हा कॅरिअरवर ठेवायला हात मागे नेला. हाताला ओलं कापड लागलं. त्याने हात झटकन मागे घेतला.

"मग इतकं तरी कर," मार्तंड अगदी हळू बोलला, "घरापाशी थांबू नोको... मांगं पाहू नोको..."

रुपराव गाठोडं हँडलला अडकवून सायकलवर बसला. चढणीचा रस्ता होता. पायडल दाबावं तर खाली जाईना. मागचं चाक वाळूत रुतत होतं, टायर दबल्याचा आवाज येत होता. पाठीला गारवा लागत होता, शेजारी ओला माणूस बसला की लागतो तसा. आणि एक वास. तो वास त्याने कुठेही ओळखला असता. नव्या कोऱ्या लुगड्यातली खळ पाण्यात सुटली की येतो तो. माहेराहून निघताना बाळंतिणीला नवं लुगडं नेसवतात, हे त्याला नेमकं आत्ताच आठवलं. तो मनातल्या मनात एकच म्हणत होता, माझं पोर नको. माझं पोर सोडून काय पाहिजे ते घे.

वस्तीचा रस्ता त्याच्या दारावरूनच जात होता. दिवेलागण झाली होती. दारात गोपिका कशीबशी उभी, खांद्यावर पोर, आणि पोर आकांताने रडत होतं. त्या रडण्याबरोबर रुपरावाच्या पाठीमागे काहीतरी हललं. कोणीतरी सावरून बसावं तसं.

"अवो, आले का?" गोपिका ओट्यावरून खाली उतरली आणि थेट रस्त्यात आली. "किती उशीर केला... हा सकाळपासून..."

ती चाकासमोरच आली. रुपरावाने हँडल वळवलं, तोल गेला, एक पाय जमिनीला टेकला. टेकला न टेकला तोच त्याने जोर लावून सायकल पुढे काढली. "थांबा नं!" ती मागून ओरडली. तो थांबला नाही. आपल्याच दारावरून, आपल्याच बायकोच्या हाकेवरून तो चोरासारखा पळाला आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली.

वस्ती संपली की रस्ता खालच्या डोहाकडे उतरतो. उतारावर सायकल आपोआप धावते, तशी ती धावली. डोहाच्या काठावर तो उतरला. अंधार पडला होता. त्याने हँडलचं गाठोडं काढून बाजूला ठेवलं, डोळे मिटून एकदा सीटवरून हात फिरवला आणि सगळा जोर करून सायकल पाण्यात लोटून दिली. बराच वेळ बुडबुडे येत राहिले. मग पाणी शांत झालं.

"जाय माय," तो हात जोडून म्हणाला. "तुही तू जाय."

आणि मग तो काठावर बसून ढसाढसा रडला. पण ते रडणं सुटल्याचं होतं. सायकल गेली तर गेली. माग आहे, हात आहेत, पुन्हा विणू, पुन्हा घेऊ. त्या खाणीवरच्या माणसाने जे करायला हवं होतं ते आपण वेळेवर केलं, असं वाटून त्याचा ऊर भरून आला. गाठोडं डोक्यावर घेऊन तो हलक्या पावलांनी घरी चालत आला.

गोपिका ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. मांडी रिकामी. चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा आराम दिसत होता.

"आले तुमी? सायकल कुठी ठेवली?"

"पोरगा कुठी आहे?"

"न्हाणीत. जनाबाई आंग धुऊन देऊन राहिल्या त्याचं."

रुपरावाच्या डोक्यावरचं गाठोडं खाली पडलं. "जनाबाई... जनाबाई तं उद्या येणार आहे."

"असं काय करता? तुमीच तं सोडून गेले त्याईले. पाय टेकवला, त्या उतरल्या, अन् तुमी असे पळाले का मी पाहातच राहिली. बिचाऱ्या वल्ल्या चिंब होत्या, नावेत पाणी आलं असंन. म्हटलं, लुगडं बदलवा, तं नोको म्हणे."

घराच्या मागच्या बाजूने पाणी ओतल्याचा आवाज येत होता. संथ, एकसारखा. पोराचा आवाज येत नव्हता.

"पाहा, रडतही नाही," गोपिका कौतुकाने म्हणाली. "मी हात लावला का आकांत करते. त्याईनं पायावर घेतलं अन् गुमान झाला."

रुपरावाला धावायचं होतं. पाय उचलत नव्हते. त्याने नुसता न्हाणीच्या दिशेने हात केला.

"मी म्हटलं त्याईले," गोपिका डोळे मिटत म्हणाली, "बाई, आज राहू द्या, घरात पाण्याचा थेंब नाही. तं म्हणे, पाणी माह्यापाशी आहे."

न्हाणीत पाणी पडतच होतं.