डोक्यामागचा फोटो

ती त्या स्टुडिओत शिरली ती निव्वळ पावसामुळे. आयकार्डासाठी फोटो हवा होता, नेहमीचं दुकान अजून दोन चौक पुढं होतं आणि छत्री... छत्री नेहमीसारखी क्लिनिकच्या खुंटीवर लटकत होती.

ओले केस कानामागे सारून ती स्टुलावर बसली. कॅमेऱ्यामागे टोपी घातलेला एक तरुण उभा होता.

"हनुवटी खाली... जरा डावीकडे... अहो, एवढा गंभीर चेहरा कशाला? फोटोच काढतोय, दात नाही."

तिला हसू आलं. "मान हलवू की नको, ते एकदाचं ठरवा."

त्याचा हात जागीच थबकला. "'मान हलवू नका' असं म्हणा बरं एकदा."

"मान हलवू नका. का?"

"तुम्हीच त्या! केसांच्या क्लिनिकमधल्या! सहा तास ऐकलंय हे मी, उशीच्या भोकात तोंड खुपसून. झोपेतसुद्धा ऐकू येतं."

दोन महिन्यांपूर्वी ते डोकं तिच्या हाताखाली होतं. मागचे केस मुळासकट काढून द्यायचे, एवढंच तिचं काम. ते पुढच्या टकलावर लावायला दुसरी माणसं. त्यामुळे डोक्याचा मागचा भाग बोटाबोटानं पाठ आणि चेहरा मात्र आज पहिल्यांदा, असं झालं होतं. चेहरा बरा होता. बरा कसला, चांगलाच होता, आणि तो आपल्याकडे बघतोय हे कळून तिनं उगाचच पर्स उघडून बंद केली.

मग तो फोटो छापायला पाठमोरा वळला. टोपीच्या मागच्या पट्ट्यावर अर्धगोल खाच होती. त्या खाचेतून तिला आपलंच काम दिसलं.

कसर लागलेल्या शालीसारखी, विरळ केसांतून दिसणारी कातडी. इतक्या दिवसांत ती जागा भरत यायला हवी होती.

ऑपरेशनच्या दिवशी काय झालं होतं, ते तिला पक्कं माहीत होतं. डॉक्टर खुणा करून पलीकडच्या खोलीत दुसऱ्या पेशंटकडे गेले होते. अठराशे मुळं निघाल्यावर तिनं दारातून विचारलं होतं, "डॉक्टर, पुरे ना? जागा विरळ दिसायला लागलीय." ते वळलेसुद्धा नाहीत. "सांगितलेले पंचवीसशे पूर्ण करा." उरलेली सातशे दोन्ही बाजूंनी थोडी थोडी घ्यायची, तर बाजू पुन्हा बधिर करायला हवी होती, म्हणजे आणखी सुया. पहिल्या सुयांनाच तो इतका कळवळला होता... उशीतून आवाज आला, "अजून किती हो?" तिला दया आली. तिनं सुई टाळली आणि सगळी मुळं मधल्या, अजून बधिर असलेल्या जागेतून उपसली. फाइलमध्ये लिहिलं, 'सर्व भागांतून सारखी.'

"परत येतील ना मागचे?" फोटोंचं पाकीट पुढं करत त्यानं विचारलं. विचारताना हसत होता, पण उत्तराची वाट बघताना हसणं टिकलं नाही.

"आजूबाजूचे गळतात कधी कधी... आणि येतात परत. धीर धरा."

अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं तिनं गिळलं.

क्लिनिकमध्ये दर महिन्याला होणारे तपासणीचे फोटो एरवी कोणीही काढायचं. त्याचे मात्र तीच काढू लागली. त्या खोलीत जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा होत्या, एक स्टुलाची, एक दिव्याची. दर महिन्याला उजेड सारखा पडावा, म्हणून. दिवा डोक्यावर सरळ आला की कातडी लख्ख दिसायची. तिसऱ्या महिन्यात तिनं तो पायानंच हातभर बाजूला सरकवला. चौथ्या महिन्यात आणखी थोडा. फोटोत जागा भरत चालली.

तो येताना दोन कॉफ्या आणायचा. "एक तुमची, एक माझ्या डोक्याची. त्याच्यावर तुमचं जास्त लक्ष आहे."

"डोकं बोलत नाही, म्हणून आवडतं."

"मग मीही गप्प बसतो." आणि बसायचा, जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात तिची बोटं त्याच्या मानेवरचे केस विंचरत जायची आणि दोघांचाही श्वास जरा अडायचा. घरी जाताना तिला सुख वाटायचं आणि स्वतःची किळस यायची, दोन्ही एकाच रस्त्यावर.

एकदा तो म्हणाला, "आई हल्ली रोज मागून बघते आणि काही बोलत नाही. आमची आई! भिंतीशीसुद्धा बोलणारी बाई. ती गप्प आहे म्हणजे..." वाक्य त्यानं कॉफीत बुडवलं. त्यानंतर एक दिवस तो दोन टोप्या घालून आला. पहिली वाऱ्यानं उडाली तर, म्हणून. हे त्यानं विनोद म्हणून सांगितलं. तिला रडू आलं आणि ती कापूस शोधायच्या निमित्तानं कपाटात तोंड घालून उभी राहिली.

दहाव्या महिन्यात डॉक्टरांनी फोटो चाळले आणि मान डोलावली. "छान भरलंय. पुढच्या आठवड्यात टाळूवरही लावून टाकू. मागून आणखी पंधराशे निघतील."

तिथं आता पंधराशे नव्हते. ते फोटो तिचे होते, आणि त्या फोटोंच्या भरवशावर त्याचं उरलंसुरलं डोकंही जाणार होतं.

ऑपरेशनआधीच्या फोटोसाठी तो दुसऱ्या दिवशी आला तेव्हा दिवा बरोबर खुणेवर होता. तिनं फोटो काढला आणि त्याच्यासमोर धरला.

त्यानं फोटो पाहिला, मग जमिनीवरच्या खुणेकडे.

"दिवा सरकवत होतात तुम्ही," तो म्हणाला. "तिसऱ्याच महिन्यात ओळखलं मी. उजेडावरच माझं पोट आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं... माझं मन राखताय. वाटलं, मी आवडतो तुम्हाला. केस काय, उशिरा येतील."

"आवडता," ती म्हणाली. आवाज फुटला तरी ती थांबली नाही. "पण दिवा आधी भीतीनं सरकवला. ते येणार नाहीत. मी एकाच जागेतून जास्त काढले. दुसरी सुई टोचवेना म्हणून. आणि फाइलमध्ये खोटं लिहिलं. आता पुन्हा हात लावू देऊ नका... कोणालाच."

त्यानं टोपी घातली. मग दुसरी, तिच्यावर. दोन्ही कॉफ्या तशाच राहिल्या.

"सुई चालली असती मला," दारात तो म्हणाला. "विचारायचं तरी."

तो गेल्यावर तिनं फाइल उघडली, खोटी ओळ खोडली, घडलं ते सगळं लिहून खाली सही केली. सगळे फोटो कसे काढले, तेही लिहून फाइल डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळपर्यंत तिचं आयकार्ड काढून घेतलं गेलं.

दोन महिन्यांनी दुसरीकडे, दाताच्या दवाखान्यात, काम मिळालं. आयकार्डासाठी फोटो हवा होता. नेहमीचं दुकान वाटेत लागलं. ती तिथं थांबली नाही. त्या स्टुडिओच्या पायरीवर मात्र परत फिरावंसं वाटलं.

तो आत होता. टोपी नव्हती. सगळे केस बारीक कापलेले, त्यामुळे मागची जागा उघडीवाघडी, कोणीही बघावी अशी. त्यानं तिला स्टुलाकडे बोट दाखवलं.

"हनुवटी खाली."

एवढंच. फोटो निघाला. छापताना तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ. तिनं नजर वळवली नाही. ते आपण केलंय, ते बघायलाच हवं, असं तिला वाटलं.

"राग गेलेला नाही माझा," भिंतीकडे बघतच तो म्हणाला.

"नका जाऊ देऊ."

"आई बोलायला लागली पण. आल्यागेल्याला माझ्या डोक्याची कथा सांगते." मग त्यानं कॅमेरा तिच्या हातात दिला आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसला, तिच्याकडे पाठ करून. "मला माझं मागचं दिसत नाही. दर महिन्याला एक फोटो काढून द्याल? दिवा सरळ ठेवून."

"वाढणार नाहीत ते."

"माहीत आहे. तुम्ही याल ना पण?"

तिनं दिवा ओढून त्याच्या डोक्यावर सरळ आणला. कातडी लख्ख दिसली, प्रत्येक ठिपका तिच्या हातचा. डोळे इतके भरले होते की कॅमेऱ्यातून काही धड दिसेना, तरी तिनं हात स्थिर केला.

"येईन," ती म्हणाली. "मान हलवू नकोस."