बिनतुपाचा भात

"आई, वर्षभर बाबांना बिनतुपाचा भात घालतेयस? घास अडकतोय त्यांच्या घशात! डॉक्टर म्हणतायत, उद्यापासून नुसती दाटसर पेज द्या... कसला सूड उगवतेयस गं त्यांच्यावर?"

लेकीचे शब्द विमलाबाईंच्या काळजात घुसले. समोर दशरथराव बसले होते, कंपवातानं थरथरणारा हात ताटाच्या कडेला टेकवून... आजही तुपाची वाट पाहत! भातावर तूप पडल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. गिरगाव सोडून मीरा रोडला सिल्व्हर पार्कात आले, हातातलं पेन सुटलं, आवाज खोल गेला, पण रीत काही सुटली नाही. आणि ही माउली रोज म्हणायची, "तूप संपलंय, जेवा."

सांगणार तरी काय? सांगितलं तर त्यांना कळेल ना, की हा हात आपल्याच बायकोनं बिघडवला!

हो, तसंच धरून बसल्या होत्या त्या. लेक निशिगंधा प्रयोगशाळेत कामाला. गेल्या दिवाळीत बाबांना समजावत होती, "मेंदूतल्या पेशीला स्निग्ध पदार्थांचा पातळ पडदा असतो. त्याला एक प्रथिन चिकटतं, त्याच्या गाठी होतात, पेशी मरतात..." आमटीला फोडणी देता देता विमलाबाईंनी एवढंच ऐकलं. स्निग्ध म्हणजे तूपच की! आपणच तर वाढलं, आग्रह कर-करून... त्याच दुपारी तुपाची बरणी समोरच्या हंसाबेनच्या घरी गेली.

तीच बरणी रिकामी करून परत द्यायला आलेल्या हंसाबेन दारातच थबकल्या होत्या. त्यांना राहवलं नाही.

"निशी बेटा, मम्मी पे गुस्सा मत कर. उसने खुद भी सालभर से घी नहीं खाया. रोके बोली थी, मेरे ही घी ने इनका हाथ बिगाड़ा."

निशिगंधानं आईला जवळ ओढलं.

"अगं आई... तो पडदा पेशी स्वतः घडवते गं! ताटातलं तूप जाऊन नाही बसत तिथं. हे सगळं का बिघडतं, ते आम्हालाही अजून धड कळलेलं नाही... मला एकदा विचारायचंस तरी!"

"कुठल्या तोंडानं विचारू, बाळा?"

तेवढ्यात दशरथरावांचे ओठ हलले. "मला वाटलं... तुला माझा... कंटाळा आलाय."

"अहो, असं कसं वाटलं हो तुम्हाला!" विमलाबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि वर्षभराचा हुंदका एकदम फुटला.

हंसाबेननी धावत जाऊन घरून वाटीभर तूप आणलं. दशरथरावांनी चमचा स्वतःच्या हातात मागून घेतला. तो थरथरत थरथरत निघाला... आणि स्वतःच्या नव्हे, बायकोच्या रिकाम्या ताटाकडे वळला! अर्धं तूप फरशीवर सांडलं.

"आधी... तू."

विमलाबाईंनी त्या तुपावर भात वाढून घेतला, डोळे पुसत एक घास खाल्ला, मग त्यांना भरवला. दोन घास गेले. तिसऱ्याला जोराचा ठसका लागला आणि निशिगंधानं हलकेच ताट बाजूला ओढलं.

दुसऱ्या दिवसापासून पेज सुरू झाली. विमलाबाई तिच्यावर रोज चमचाभर तूप सोडायच्या. भात मात्र त्यांना पुन्हा कधीच वाढता आला नाही.