कोरड्या नळावरचे ठोके

त्या दिवशी मला एवढंच काम होतं. दुपारी घरी थांबायचं आणि नळवाला आला की दार उघडायचं. ह्यांनी कचेरीत जाताना ते दोनदा बजावलं, जणू मी कुठे हिंडायलाच निघाले होते. सोलापुरात येऊन चार-दोन महिने झाले तरी सात रस्ता चौक घरापासून कोणत्या अंगाला आहे, हे मला सांगता आलं नसतं.

सोलापुरातला तीस सालचा लष्करी कायदा उठला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. ह्यांनी मुद्दाम बदली मागून घेतली होती. त्याआधी माढ्याला, माझ्या माहेरी, मला मुलगी झाली होती आणि बारशाच्या आधीच ती गेली. मी रडले नाही. पुढे वाढलेलं खात होते, ऊठ म्हटलं की उठत होते. कुठेतरी दुखलं असतं तर बरं वाटलं असतं, पण दुखतही नव्हतं. ह्यांनी त्या दिवसापासून घरात तो विषय बंद केला. बाळ हा शब्दही तोंडातून काढायचा नाही. माणूस वाईट नव्हे, पण कारकुनी अंगात मुरलेली. निकाल लागला की दप्तर बांधून माळ्यावर.

घर बरं होतं. भिंतीला भिंत लागून घरमालकीण कमलम्मा राहायच्या. नळ नवाच, वर्षभरापूर्वी घेतलेला, आणि त्याचं कौतुक बोलून दाखवल्याशिवाय त्या आमच्या दारावरून जात नसत. रस्त्यावरून आलेला लोखंडी पाईप आतल्या अंधाऱ्या खोलीतून मागच्या न्हाणीत जात होता. पाणी सकाळ-संध्याकाळ यायचं. तोटी बंद केली की तो पाईप भिंतीवर धाड धाड आपटायचा, फळीवरची भांडी थरथरायची. ह्यांच्या मनानं घेतलं की त्या आवाजानंच मी अशी झाले आहे.

"हा आवाज थांबला की तू माणसात येशील," हे म्हणाले. "नाहीच आलीस, तर काही दिवस माढ्याला जाऊन राहा."

काही दिवस म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. माझ्या आतेबहिणीला असंच हवापालटाला म्हणून माहेरी धाडलं होतं. तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचे लाडू तिच्या दारात आले, आणि ती अजून तिथेच भाकऱ्या थापते आहे. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, पण जायचं नाही एवढं मनाशी पक्कं होतं.

गिरणीचा दुपारचा भोंगा होऊन गेल्यावर नळवाला सिद्धाराम आला. गिरणीच्या कारखान्यात फिटर होता, फावल्या वेळात अशी कामं करायचा. त्यानं पाईपला हात लावून हलवून पाहिलं.

"लई ढिल्ला हाय की ओ बाई. तोटी बंद केली की पळतं पाणी आपटतंय, आन् पाईप मोकळा, मग त्यो भिंतीला धडका देतोय. दुसरं काय न्हाय."

त्यानं रस्त्यावरची चावी बंद केली, पाईपातलं उरलंसुरलं पाणी बादलीत काढलं आणि तोटी उघडून आतली चामड्याची चकती बदलू लागला. मी न्हाणीच्या उंबऱ्यात बसले होते. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

टक्. टक् टक्.

सिद्धाराम थांबला. पाईप रिकामा होता आणि तोटी त्याच्या हातात सुटी होती.

"बाई... तुमी वाजवलं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. आतल्या खोलीत कुणी नव्हतं. त्यानं तिकडे पाहिलं, मग पुढचं काम तो घाईघाईनं करत गेला. पाईपामागे लाकडी पाचरी ठोकल्या, वरून लोखंडी पट्ट्या मारल्या, चावी उघडून ठेवली. संध्याकाळी पाणी आलं की तपासा, आवाज येणार न्हाय, असं सांगून हत्यारं गोळा करून गेला. चहा ठेवते म्हटलं तर त्यालाही थांबला नाही.

तो गेल्यावर मी आतल्या खोलीत गेले. पाईप जागच्या जागी घट्ट बसला होता. मी त्यावर तळवा ठेवला. कोरडा आणि थंड. तळव्याखालीच पुन्हा वाजलं, टक्, टक् टक्. पाईप तसूभरही हलला नव्हता. कुणीतरी धातूची हलकी वस्तू घेऊन वाजवावं तसा आवाज, अगदी दमलेल्या हातानं वाजवल्यासारखा. खोलीत बाळंतिणीला देतात तशा ओव्याच्या धुरीचा वास होता. आमच्या घरात धुरी घालण्यासारखं कुणी नव्हतं.

मी मागच्या दारानं कमलम्मांकडे गेले. त्या शेवया वाळत घालत होत्या. आधीच्या बिऱ्हाडात त्या खोलीत कोण होतं, असं मी विचारलं. आपणहून मी कधी बोलत नसे, म्हणून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या,

"त्यांची सून हितंच बाळंत झाली, अक्का. तापली. नळाला पाणी आलं की तिला पडल्या पडल्या ऐकू येई. मग वाटीनं पाईप वाजवायची. पाणी द्या म्हणून... म्या भिंतीपल्याडून ऐकायची."

"दिलं नाही?"

"बाळंतिणीला कुठं देत्यात?"

खरं होतं. बाळंतिणीला पाणी बाधतं. देतात ते चमचाभर, तेही ओवा घालून उकळलेलं. मलाही तसंच दिलं होतं. जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि परसात कुणीतरी घागर रिती केल्याचा आवाज. ते मला त्या क्षणी जसंच्या तसं आठवलं. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी आठवत होतं.

"आणि बाळ?" मी विचारलं.

कमलम्मांनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि शेवयांकडे बघत कन्नडात काहीतरी पुटपुटल्या. मला कन्नड येत नाही.

घरी परतले तेव्हा ठोके चालूच होते. ह्यांची यायची वेळ झाली होती. हे येऊन ऐकतील, किंवा ह्यांना ऐकू येणार नाही आणि फक्त मलाच येईल. मग माढ्याची गाडी ठरलेलीच. गप्प राहून चालणार नव्हतं, ठोके थांबवायलाच हवे होते. पण खरं सांगते, तांब्या भरताना माझ्या मनात माढ्याचा विचार नव्हता. तिला तहान लागली होती, एवढंच होतं.

मी माठातलं गार पाणी घेतलं. पाईपाच्या खाली, जिथे तिची बाज असावी तिथे, तांब्या ठेवला आणि पाठ फिरवून बसले. आजारी माणूस पाणी पिताना कुणी टक लावून बघत नाही. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या पाठीमागे कुणीतरी प्यायलं... घोट घोट, मधे श्वास घेत, खूप वेळ.

मी वळून पाहिलं तर तांब्या रिकामा होता. भोवतालची जमीन कोरडी होती. ठोके थांबले होते.

उठायला गेले तेव्हा छातीशी ऊन ओल लागली. मी पदर बाजूला केला. चोळी दोन्हीकडे दुधानं भिजली होती. दूध आटून महिने झाले होते. मी पदर नीट ओढून घेतला आणि चुलीशी जाऊन बसले.

हे आले तेव्हा दिवेलागण झाली होती. नळाला पाणी आलं. ह्यांनी स्वतः जाऊन तोटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. आवाज नाही. किती दिवसांनी मी ह्यांना हसताना पाहिलं.

"झालं की नाही काम? आता माढ्याचं काही काढत नाही मी," असं म्हणून हे पाटावर बसले. मी चहाचा पेला पुढे ठेवला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी फक्त पदर घट्ट धरून ठेवला होता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. ठोका नव्हता. पाईपात पाणी अडखळावं तशी बारीक कुरकुर. थांबली, पुन्हा सुरू झाली. या खेपेला जरा मोठी, हट्टाची.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा पेला ओठांशीच थांबला होता. हे ऐकत होते. कमलम्मांनी सांगितलेलं ह्यांना काही ठाऊक नव्हतं. पेला खाली ठेवून, माझ्याकडे न बघता, कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता अशा आवाजात हे म्हणाले,

"जा आत... बाळ उठलंय वाटतं."