सोळा कागदांची आत्या

ही गोष्ट खरी आहे. मी डोळ्यांनी पाहिली नाही, पण जिच्यावर गुदरली ती जयवंता माझी सख्खी मावसबहीण. जयाला थापा मारता येत नाहीत. लहानपणी चोरून गूळ खाल्ला तरी तीच येऊन सांगायची.

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपूरची मे महिन्यातली दुपार बघितलेली नाही. एक ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

तारीख अठरा मे, एकोणीसशे चौऱ्याहत्तर. शनिवार. धरमपेठेत इंदुताईंच्या घराची वरची खोली, जया तिथे भाड्याने राहायची.

जया तेव्हा सव्वीस वर्षांची. शाळेत चित्रकला शिकवायची आणि घरी येऊन चित्रं चालवायची. म्हणजे कार्टून. एकामागून एक कागद काढायचे, दर कागदावर हात केसभर पुढे. कोणी शिकवलं नव्हतं. एका जुन्या इंग्रजी पुस्तकातली चित्रं बघून शिकली. वाचता निम्मंच यायचं.

मुंबईच्या एका कार्टून स्टुडिओला माणसं हवी होती. त्यांचं पत्र आलं. सुटी चित्रं नकोत, एक मिनिटाची फिल्म पाठवा. बसून काम करणारं माणूस दाखवा. मग ते उठताना दाखवा. एकतीस मेच्या आत.

बसलेलं माणूस सोपं. उठणाऱ्या माणसात वजन दिसावं लागतं, आणि तिथेच सगळे नापास होतात.

जयाने गोपिकाआत्याला निवडलं.

जयाची आई लवकर गेली. नागपूरजवळच्या कुहीच्या या आत्यानेच तिला वाढवलं. खुबा मोडल्यापासून आत्याचं एकच काम, ओट्यावर बसून सूप घेऊन तांदूळ पाखडणं. उठायचं झालं की डावा हात पुढे करायची.

"दे वं हात."

आणि जया ओढून उभी करायची.

चित्रासाठी समोर बसवलं तेव्हा म्हातारी लाजली होती. "माह्यं काय चित्र काढतं वं, पोट्टे? एखादी हिरोईन काढ."

पाखडणं सोळा कागदांत बसलं. सोळावा कागद पहिल्याला जोडायचा, की आत्या हवा तितका वेळ पाखडत राहते. कार्टूनवाल्यांची ही नेहमीची युक्ती.

उठणं मात्र जमेना. चाळीस वेळा काढून चाळीस वेळा फाडलं. इतकी वर्षं तिनेच हात दिला होता, पण हात देणाऱ्याला उठणारं माणूस नीट दिसत नाही. तिने ठरवलं, शनिवारी कुहीला जायचं, आत्याला दुसऱ्या कोणाच्या हातून उठवायचं आणि आपण लांब बसून बघायचं.

शनिवारी सकाळी तार आली.

गोपिका वारली. लवकर ये.

एकेक फ्रेम घेणारा कॅमेरा फोटोवाल्या ओमप्रकाशजींचा होता. लग्नसराईत त्यांनी कसेबसे दोन दिवस दिले होते. रविवारी संध्याकाळी परत.

जयाने तार घडी करून पेन्सिलींच्या डब्याखाली ठेवली.

रडली नाही. कोणाला सांगितलंही नाही. खिडकीला जाड चादर लावली, दिवे लावले, आणि पहिला कागद कॅमेऱ्याखाली ठेवला.

उठण्याचे कागद नव्हतेच. मग मिनिटभर पाखडणंच. त्याच सोळा कागदांच्या पंचेचाळीस फेऱ्या. नापास होणार हे कळत होतं. हात चालत होते म्हणून ती चालू देत होती.

कागद ठेव. बटण दाब. दोनदा. कागद उचल.

तिसाव्या फेरीला…

फट्… फट्… फट्…

सुपाचा आवाज. अगदी सावकाश.

तिला भीती वाटली नाही. तिला काहीच वाटत नव्हतं.

खालून इंदुताईंचा आवाज आला. "जया! काहून वं, भर उन्हात सूप पाखडून राहिली? माह्या सांडग्यांवर सारा कोंडा उडून राहिला ना!"

"माह्याकडे सूपच नाही, इंदुताई."

"मंग काय मी झोपेत ऐकून राहिली?"

जयाने पुढचा कागद ठेवला.

आवाज थांबला.

मग शांतता… पण कोणीतरी उठून गेल्यावर जागा रिकामी होते ना, तशी.

तिने पंचेचाळीस फेऱ्या पुऱ्या केल्या. मग खाली येऊन सांडगे झटकू लागली. कोंडा खरोखर होता. इंदुताईंनी तिचं तोंड बघितलं.

"काय झालं वं?"

"आत्या गेली."

"अगं बाई! कधी?"

"सकाळी."

"आन् तू वर काय करून राहिली?"

जया सांडगे झटकत राहिली. इंदुताईंनीच तिला एसटीत बसवलं.

ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

फिल्म मुंबईहून धुऊन आली अठ्ठावीस तारखेला. ओमप्रकाशजींनी दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीवर लावली.

आत्या पाखडत होती. छान. अगदी आत्या.

चाळीस सेकंद झाले…

आत्या थांबली.

सूप बाजूला ठेवलं. डावा हात पुढे केला. हात ताणला गेला. आधी चांगला पाय, मग मोडका खुबा. उभी राहिली. पदर सारखा केला. आणि चौकटीबाहेर चालत गेली.

उरलेला वेळ भिंतीवर नुसतं सूप.

"वा बेटी!" ओमप्रकाशजी म्हणाले. "ये उठना तो एकदम जिंदा है. किती कागद लागले?"

"सोळा."

ते हसले. "मजाक करून राहिली."

घरी येऊन तिने कागद मोजले. सोळाच. सोळाही कागदांवर आत्या बसलेली.

दुसऱ्या दिवशी तिने फिल्म पोस्टात टाकली.

"काहून पाठवली गं तू?" मी विचारलं होतं.

"तारीख होती," ती म्हणाली.

जूनमध्ये बोलावणं आलं. स्टुडिओचे साहेब वयस्कर होते, चष्म्यातून बघणारे. म्हणाले, "उठणं फारच सुरेख. आणि ती कल्पना आवडली आम्हाला."

"कोणती?"

"चौकटीच्या कडेने हात येतो ना, म्हातारीला उठवायला. मनगटापर्यंतच दिसतो. बोटांत पेन्सिल अडकवलेली. चित्रकार स्वतःच हात देतो आहे! कसं सुचलं?"

जयाने भिंतीवर तो हात पाहिला नव्हता. ओमप्रकाशजींनीही नाही.

तिने मांडीवरचा आपला हात बघितला. दुसऱ्या हाताने झाकला.

"सुचलं," ती म्हणाली. आयुष्यातली तिची ही पहिली थाप असावी.

नोकरी लागली. बारा वर्षं झाली. माकडं काढते, ससे काढते, साबणाच्या जाहिरातीतल्या बायका काढते. उठणारं माणूस आलं की शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे सरकवते आणि बदल्यात त्याची गर्दीची चित्रं घेते. गर्दीचं काम कोणीच मागत नाही, त्यामुळे सौदा जमतो.

मागच्या दिवाळीत ती आली आणि फिल्मचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, "तू लाव एकदा. हात आहे का, तेवढं सांग. माझ्याच्याने बघवत नाही."

हात दिसला तर तिला काय सांगू? आणि नाही दिसला तर?

दर पत्रात ती विचारते. मी लिहिते, नागपुरात प्रोजेक्टर भाड्याने मिळेनासा झाला आहे.

मिळतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मिळतो.