बुजवलेलं दार

मुलांनो, डोळे मिटा आणि एक भिंत बघा. विटांची, ताजी, गिलावा न केलेली. सकाळी तुम्ही घराबाहेर पडलात तेव्हा ती धडधाकट होती. दुपारी परत आलात, तर तिच्यातून माणूस आरपार जाईल एवढी मोकळी जागा. आता डोळे उघडा आणि सांगा, हे कुणी केलं? घाई करू नका. त्या मुलीला जेवढं दिसलं, तेवढंच मी तुम्हाला दाखवणार आहे.

मुलगी अकरा वर्षांची. प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची, म्हणून घरात तिचं नावच खुसपट पडलं होतं.

"बाबा, भिंत!" ती ओरडली.

आई, बाबा आणि ती फरश्या बघून नुकतीच परतली होती. दारातच कर खात्याच्या तपासनीस बाई भेटल्या. आजची तपासणी ठरलेलीच होती. सगळी एकदमच आत आली आणि जागच्या जागी थबकली.

दीड खोलीत चौघं मावेनात, म्हणून बाबा जुन्या घराला खेटून नवं घर बांधत होते. अर्धं काम स्वतःच्या हातांनी. कायदा असा होता, की राहण्यासाठी स्वतः घर बांधणाऱ्याला सामानावर भरलेला कर परत मिळतो. पण घर खरोखर वेगळं हवं. जुन्या घरातून आतल्या आत जाता आलं, तर ते घर नव्हे, नुसती वाढवलेली खोली. म्हणूनच मधलं जुनं दार बाबांनी परवा विटांनी बुजवून घेतलं होतं. त्या परताव्यातून नव्या घरावर छप्पर घालायचं होतं. नाहीतर देणी फेडायला दोन्ही घरं विकायची, दुसरा मार्ग नव्हता.

"हे आज उघडलंय?" बाईंनी विचारलं.

"आजच," बाबा म्हणाले. "आम्ही कोणीच घरात नव्हतो हो!"

"कोणीच?"

"अण्णा होते. माझे वडील. पण त्यांचं काय धरता! जेवून उठले की जेवायला मागतात."

कोपऱ्यातल्या खाटेवर अण्णा बसले होते. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. आता नातीलाही कधी कधी बहिणीच्या नावाने हाक मारायचे. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "दाराची चौकट आणलीत का?"

"अण्णा, जरा गप्प बसा," बाबा म्हणाले.

तपासनीस बाई वाईट नव्हत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाहेरच्या कुणी नासधूस केली असेल, तर पोलिसांत तक्रार द्या. मी पुन्हा तपासणीला येईन. घरातल्या माणसाने उघडलं असेल, तर मात्र अर्ज गेला. आणि हा अर्ज एकदाच करता येतो."

त्या गेल्या. बाबा दात ओठ खात म्हणाले, "मिस्त्री! परवा त्याला भिंत वाकडी म्हणालो, तेव्हाच तो फणकारून गेला होता. घराची एक किल्लीही आहे त्याच्याकडे."

मिस्त्री पलीकडच्या गल्लीतच राहायचा. बोलावल्यावर लगेच आला.

"आज दुपारी कुठे होतास?"

"घरी. पडलो होतो."

"कुणी पाहिलं?"

"झोपलेल्या माणसाला कोण बघत बसतं, साहेब?"

"माझ्या पोटावर पाय देऊन झोप बरी लागते तुला!"

"मीच लावलेली वीट मीच कशाला काढू?" मिस्त्रीचा आवाज चढला. "बुजवताना मी सांगत होतो, वरचा लिंटलही काढू. दारावरची ती आडवी पट्टी असते वरची भिंत पेलायला. खाली भिंत बंद आणि माथ्यावर लिंटल, म्हणजे बघणाऱ्या गवंड्याला वाटणार, कुणी गाढव दार ठेवायला विसरलं! तुम्हालाच घाई."

तो पाय आपटत गेला. बाबांनी शर्ट बदलायला घेतला. चौकीवर जायचं होतं.

खुसपट मात्र भिंतीपाशी बसून राहिली. नव्या घरात जमिनीवर काल केलेला सिमेंटचा कोबा अजून ओला होता आणि त्यावर मांजराचंही पाऊल नव्हतं. काढलेल्या विटा सगळ्या जुन्या घराच्या बाजूला, जोडीजोडीने, एकीवर एक आडव्या रचलेल्या. एकही फुटलेली नाही. प्रत्येकीवरचा मसाला खरवडून काढलेला. मोकळ्या जागेच्या कडा ओळंबा लावल्यासारख्या सरळ उभ्या, बरोबर लिंटलखाली.

मग तिने खुंटीकडे पाहिलं. तिथे वर्षानुवर्षं हत्यारांची एक पिशवी लटकायची. आज खुंटी रिकामी होती. खाटेखाली वाकून तिने पिशवी ओढली. आतली छिन्नी नुकतीच धुतल्यासारखी ओली होती.

"बाबा, मिस्त्रीने नाही केलं."

"खुसपट काढू नकोस आता."

"ऐका ना. राग आलेला माणूस विटा फोडेल. साफ करून रचून का ठेवेल? ज्याला त्या पुन्हा वापरायच्यात, तोच ठेवेल. मोडायला नव्हतंच आलेलं कुणी. कुणीतरी काम दुरुस्त करत होतं. नव्या घरात पाऊल नाही, म्हणजे तो इकडेच होता. आणि आपण सगळे भिंतीकडे बघून रडत होतो, तेव्हा एकच माणूस दाराच्या चौकटीचं विचारत होता."

बाबांचा हात बटणावरच राहिला. ते खाटेपाशी गेले. "अण्णा, हे तुम्ही केलंत?"

अण्णांचा चेहरा उजळला. "मग काय! डोक्यावर लिंटल आणि खाली भिंत. कुठला शिकाऊ पोरगा लावला होतास रे? दारच विसरला. बघ, एक वीट फुटू दिली नाही मी."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं सोलवटली होती.

बाबांनी ते हात आपल्या हातांत घेतले. "छान झालंय, अण्णा," ते म्हणाले. मग वळून त्यांनी उरलेली बटणं लावली.

"अहो, निघालात कुठे?" आईने विचारलं.

"चौकीवर. मिस्त्रीला चार दिवस चकरा माराव्या लागतील. सुटेल तो. आपलं डोक्यावरचं छप्पर एकदा गेलं, की गेलं."

खुसपटला वाटलं, आई आता नको म्हणेल. आईने पदराने चेहरा पुसला. "जा. पण पोरीला नेऊ नका."

कुणी खलनायक नव्हतं, मुलांनो. म्हणूनच कुणाला थांबवायचं, ते तिला कळेना. अण्णा छिन्नी पुसत गुणगुणत होते.

बाबा चौकीत पोचले, तेव्हा हवालदारासमोरच्या बाकावर ती आधीच बसलेली होती. धापा टाकत, अनवाणी.

हवालदाराने पेन उचललं. "बोला. भिंत फोडली म्हणता. संशय कुणावर?"

बाबांनी तोंड उघडलं. तिने त्यांचा हात घट्ट धरला आणि ती त्यांच्या आधी बोलली.

"कुणावरच नाही, काका. भिंत आमच्या अण्णांनी उघडली."