दुसऱ्या डिस्कवरचा आवाज

ही गोष्ट रचलेली नाही. रचायचीच असती तर घरच्या माणसांची कशाला रचली असती मी? माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय हे. आम्ही सगळे तिला धाकटी म्हणतो. तिने जसं सांगितलं तसंच, देवाला स्मरून, लिहितेय.

रविवार होता. भर दुपार. बाहेर लख्ख ऊन.

असलं काही व्हायचं तर रात्री होतं, असं आपण धरून चालतो ना... धाकटीही तसंच धरून चालली होती.

ती ज्या संस्थेत आहे तिथे अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. जागा बेताची. एक रेकॉर्डिंगची खोली, भिंतींना फोम, खाली जाड गालिचा. तिला लागून सर्व्हरची खोली. मध्ये एकच भिंत. पण पलीकडे कुणी बोंबललं तरी इकडे कळू नये अशी. त्यात इकडे सर्व्हरचे पंखे दिवसरात्र घोंघावत असायचे.

इकडे धाकटी बसायची. पलीकडे बसून वाचायची तिची सख्खी थोरली बहीण. ताई.

ताई गेली त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. छातीचं दुखणं. शेवटच्या आठवड्यापर्यंत ती वाचत होती. शोकसभेत संस्थेचे साहेब डोळे पुसत म्हणाले होते, "हसत हसत वाचत होत्या हो, शेवटपर्यंत."

तिच्या मागे भाऊजी आणि सात वर्षांची चिमी.

दर रविवारी संध्याकाळी भाऊजी चिमीला संस्थेत घेऊन यायचे. पोरगी हेडफोन लावून आईचं वाचन ऐकत बसायची. घरी न्यायची परवानगी नव्हती. "पुस्तकांचे हक्क असतात बाई," साहेब म्हणायचे, "असं ज्याला त्याला वाटत सुटता येत नाही."

थोडक्यात, ताईचा आवाज जगात एकाच जागी उरला होता. त्या सर्व्हरवर.

सर्व्हर लिनक्सवर चालणारा. त्यात दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही. एक गेली तरी दुसरी सांभाळून घेते. धाकटी कितीदा म्हणाली होती, साहेब, याची वेगळी प्रत काढून बाहेर ठेवू या. साहेब हसायचे. "दोन आहेत ना? तू म्हणजे दाराला दोन कुलपं लावून वर उंबऱ्यात झोपणारी बाई आहेस."

आणि त्या आठवड्यात एक डिस्क मेली.

दुसरी चुका दाखवू लागली.

म्हणून धाकटी रविवारी एकटीच आली होती. मेलेली डिस्क काढायची, नवी बसवायची आणि जुनीवरचं सगळं नवीवर उतरेपर्यंत जुनीने तग धरावा म्हणून देवाचा धावा करायचा. दुसरं काही हातात नव्हतं.

आधी तिने ताईची एक फाईल लावून पाहिली. तोच आवाज. शांत, स्वच्छ. तिला बरं वाटलं.

या कामात भल्याभल्यांचा हात चुकतो. मेलेली म्हणून जिवंत डिस्कच ओढून काढतात. धाकटीने डिस्कवरचा नंबर पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. मग सर्व्हर बंद केला.

पंखे थांबले.

इतकी वर्षं ती त्या खोलीत बसली, पण अशी शांतता तिथे तिने कधी अनुभवलीच नव्हती.

आणि त्या शांततेत...

कुणीतरी खोकलं.

भिंतीपलीकडे.

धाकटीच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. कान टवकारून ती उभी राहिली. काही नाही. मग किल्ली घेऊन पलीकडच्या खोलीशी गेली. कुलूप होतं तसंच. उघडलं. खुर्ची. टेबल. माइकची वायर गुंडाळून ठेवलेली.

कुणी नाही.

रस्त्यावरचं कुणी असेल, तिने स्वतःची समजूत घातली. मग आठवलं, या खोलीत रस्ता ऐकूच येत नाही. त्यासाठीच तर ती बांधलीय.

परत येऊन तिने घाईघाईने नवी डिस्क बसवली. शेवटचा स्क्रू फिरवत होती, तेवढ्यात...

टक... टक...

भिंतीवर. बोटाच्या पेराने वाजवावं तसं.

तिने बटण दाबलं. पंखे पुन्हा घोंघावू लागले आणि तिच्या जिवात जीव आला.

मग नेहमीचं काम. जुन्या डिस्कचे भाग नवीवर तसेच आखले. नवी डिस्क जोडीत घ्यायची कमांड दिली. पडद्यावर टक्के सरकू लागले. मुंगीच्या पावलांनी.

साहेबांचा फोन आला. "झालं का गं? उद्या पाहुणे यायचेत. तुझ्या ताईचंच पुस्तक वाजवायचंय."

"होतंय साहेब. जुनीने तग धरला तर."

"मग धर म्हणावं तिला!" साहेब स्वतःच हसले. "मी येतोच बघायला."

जुनीने तग धरला. शेवटचा टक्का उतरला, जोडी पूर्ण झाली, आणि लगेच पडद्यावर चुकांची रांग लागली. जुनीने प्राण सोडला होता. पण सगळं नवीवर आलं होतं. धाकटीने हात जोडले. डोळे भरून आले तिचे.

डोळे पुसून तिने मघाचीच फाईल लावली.

आधी नुसता श्वास.

लांब... अडखळत घेतलेला.

मग खोकला. मग ताई. पण वाचत नव्हती ती.

"थोडं पाणी मिळेल का?"

"हे प्रकरण संपवा, मग." हा साहेबांचा आवाज.

धाकटी गारठली. रेकॉर्डिंगला साहेब स्वतः बसायचे. खोकला, श्वास, मधलं बोलणं, सगळं तिथल्या तिथे कापून टाकायचे. सर्व्हरवर यायचं ते फक्त वाचन. हे तिथे कधी आलेलंच नव्हतं. जुन्या डिस्कवर नव्हतं, मेलेलीवर नव्हतं, कुठेच नव्हतं.

"जरा धाकटीला बोलवा ना. भिंतीपलीकडेच आहे ती."

"ती कामात आहे. घ्या, वरच्या ओळीपासून."

तिने दुसरी फाईल लावली. तिसरी लावली. पुस्तकातलं एक वाक्य नाही. नुसतं कापलेलं. आणि मधूनमधून, दमलेल्या आवाजात...

"धाकटे... ए धाकटे..."

फाईल एका अक्षराने बदलली तरी कळावं म्हणून तिने पूर्वीच प्रत्येक फाईलचा आकडा काढून ठेवला होता. तो तिने पडताळला.

तंतोतंत जुळला.

तेवढ्यात साहेब आले. तिने हेडफोन पुढे केले. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. मान डोलावली.

"वा! काय स्वच्छ आहे बघ. श्वाससुद्धा नाही कुठे."

"साहेब... दुसरं काही ऐकू येत नाही तुम्हाला?"

"काय यायला हवं?"

"पाणी मागतेय ती."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोणी सांगितलं तुला?" ते हळूच म्हणाले.

साहेबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आणि उद्याच्या पाहुण्यांचं काहीतरी पुटपुटत निघून गेले.

दारात त्यांना वाट देऊन भाऊजी आत आले. चिमी धावत पुढे. "मावशी, नीट झाली का गं आई?"

"आज नको, चिमे. मशीन बिघडलंय."

"अगं, आठवडाभर वाट बघतेय ती," भाऊजी म्हणाले. "मी ऐकतो आधी." त्यांनी एक हेडफोन कानाला लावला आणि हसले. "चांगलं तर वाजतंय. मन लावून वाचायची नाही का?"

धाकटीला वाटलं, आपल्यालाच भास होतोय. बरं झालं. भासच असू दे, देवा.

चिमीने हेडफोन घातले. नेहमीसारखे पाय हलवत ऐकू लागली.

मग पाय थांबले.

बराच वेळ ती ऐकत होती. मग वळून तिने धाकटीकडे पाहिलं. रडत नव्हती. रागावली होती.

"मावशी, आई तुला किती हाका मारतेय... तू जात का नव्हतीस?"

या गोष्टीला बरेच दिवस झाले. पाहुणे आले, पुस्तक ऐकून खूश होऊन गेले. साहेबांना त्यांनी शाल दिली. ऐकणाऱ्यांपैकी एकाचीही तक्रार नाही. चिमी मात्र आता धाकटीशी बोलत नाही.

सर्व्हर अजून त्या एकाच डिस्कवर चालू आहे. जोडीची दुसरी धाकटीने कधीच आणून ठेवलीय. खणात पडून आहे, वेष्टणही फोडलेलं नाही. ती लावायची तर सर्व्हर बंद करावा लागेल. पंखे थांबतील. नाही लावली, तर ही डिस्क एक दिवस जाईल आणि ताईची हाकसुद्धा उरणार नाही.

परवा तिने मला विचारलं, "काय करू गं?"