राउटर कोण बंद करतं?

"तुमची खुर्ची फार करकरते हो," पलीकडून आवाज आला.

खारूनं फोन कानापासून लांब धरून नंबर पुन्हा पाहिला. नंबर बरोबर होता, ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागाच्या मोबाइलचाच. तिथले काका फोन उचलून आधी खोकायचे आणि मग 'बंद करून चालू करा' म्हणायचे. हा माणूस खोकला नव्हता. आवाज भारदस्त, खर्जातला... आणि चक्क तिच्या खुर्चीत बसलेला!

"कोण बोलतंय? आणि माझ्या खुर्चीत काय करताय?"

"काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी मी आलोय. तुमची तक्रार बघायला तुमच्या टेबलाशी आलो, तेवढ्यात तुमचाच फोन. बोला, काय होतंय?"

झालं होतं असं. खारू इमारतींचे नकाशे काढायची. एका अर्धवट बांधलेल्या जिन्यावरून उतरताना तिचा पाय घसरला आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं. नेमकं तेव्हाच तिला आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र काम मिळालं होतं, एका बालवाडीची इमारत. नकाशांचं सॉफ्टवेअर होतं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. मोठ्या मॅडमनी बजावलं होतं, "घरून जमलं तर काम तुझं. नाहीतर नाइलाजानं दुसऱ्याला द्यावं लागेल." म्हणून सकाळपासून ती घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसचा कॉम्प्युटर उघडायची धडपड करत होती.

"काय होतंय म्हणजे... मी आपली दार ठोठावतेय, आणि आतून कुणी ओ देत नाही."

"कसं देणार? मध्ये फायरवॉल आहे. बाहेरून कुणीही आलं की हाकलून द्यायचं, एवढंच तिला ठाऊक."

"अहो, पण मी बाहेरची कुठे? कॉम्प्युटर माझाच आहे ना!"

"उंबरठा ओलांडलात की तुम्हीही परक्या. थांबा, तुम्हाला आत सोडायला सांगतो तिला. पण त्याआधी तुमचा पासवर्ड—"

"मॅडमडोकंखातात. सगळं जोडून," खारूनं सांगून टाकलं.



"—मला सांगू नका, असं म्हणत होतो."

खारूनं जीभ चावली. पलीकडून कुणीतरी हसू दाबत असल्यासारखा चमत्कारिक आवाज आला. मग खुर्ची करकरली आणि कीबोर्डची टकटक सुरू झाली.

"रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून कॉम्प्युटर वापरायची सोय, चालू केली. आता फायरवॉलमध्ये परवानगी. पण सगळ्या जगाला मोकळं सोडलं तर चोर शिरतील. तेव्हा फक्त तुमच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता लिहितो. तिथून कुणी आलं तरच आत घ्यायचं. वाचा बघू, लॅपटॉपवर दिसेल. आकडे आणि मध्ये टिंबं."

तिनं वाचले. "हं, या आता," तो म्हणाला.

खारूनं बटण दाबलं, आणि तिच्या मांडीवर तिचं ऑफिस अवतरलं! बालवाडीचा नकाशा, अर्धा राहिलेला झोपाळा, सगळं जिथल्या तिथे.

"आले! मी आले!"

"आणि मी बाहेर पडलो. इथे स्क्रीनला कुलूप लागलं."

"म्हणजे?"

"दोघांना एकाच वेळी नाही राहता येत आत."

"मग तुम्ही निघा की!"

"निघतो... पण तुमच्या टेबलावरचं रोपटं पार माना टाकून बसलंय. त्याला पाणी घालून निघालो तर चालेल?"

खारूनं फोन कानाशी आणखी जवळ धरला. "चालेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फायरवॉलनं तिला पुन्हा हाकललं. तिनं फोन लावला, त्यानं तपास केला. "पत्ता बदललाय तुमचा. राउटर बंद करून चालू केला का कुणी? तसं झालं की कंपनी नवा पत्ता देते."

खारूनं मान वर करून बाबांकडे पाहिलं. बाबांचा सगळा जन्म वीज खात्यात गेला होता. घरात कुठेही बारीकसा दिवा लुकलुकताना दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा.

"वापरात नसताना कशाला जाळायची वीज?" बाबा म्हणाले. "झोपायच्या आधी मी सगळी बटणं बंद करतो. तुझ्या जन्माआधीपासून!"

बाबांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा रोज सकाळी खारूनं फोन करायचा, नवे आकडे वाचायचे, आणि त्यानं जुना पत्ता खोडून नवा लिहायचा, हा शिरस्ताच पडला. आकडे वाचायला कितीसा वेळ लागतो? पण फोन हळूहळू लांबत चालला.

"मी भिंती काढते आणि तुम्ही भिंती राखता," ती एकदा म्हणाली. "भिंतवालेच म्हणते तुम्हाला."

"म्हणा. पण तुमच्या टेबलावरच्या या नकाशात भिंतीला खिडक्या एवढ्या खाली का? चुकलंय का काही?"

"चुकलं नाही! गुडघ्यावर बसून बघा. तिथे राहणारी माणसं तेवढीच असतात."

पलीकडे खुर्ची करकरत मागे सरकली.

"बसलात की काय खरंच?"

"हो... छान दिसतं इथून," खालून कुठूनतरी आवाज आला. "फक्त मॅडम दारात उभ्या आहेत आणि विचारतायत, काय हरवलंय."

खारू इतकी हसली, की प्लास्टरमधला पायही हसल्यासारखा दुखला.

आणि मग आईनं घात केला. लेकीची रोजची अडचण बघून तिनं राउटरच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि बाबांना दम भरला, "हात लावाल तर याद राखा." बाबांनी मुकाट ऐकलं. पुढच्या सकाळी खारू पहिल्याच फटक्यात आत शिरली. फोनची गरजच नव्हती.

काम झकास चाललं होतं. झोपाळा पुरा झाला. पण तिची नजर सारखी फोनकडे. मौनव्रत घेतल्यासारखा तो नुसता पडून होता. एक सकाळ अशी गेली, दुसरीही गेली. तिसऱ्या सकाळी खारू उठली, कुबड्या घेत लंगडत राउटरपाशी गेली, इकडेतिकडे पाहिलं, नखानं चिकटपट्टी उचकटली आणि कुबडीच्या टोकानं बटण दाबलं. टक्.

"काय हो भिंतवाले," थोड्या वेळानं ती फोनवर सुस्कारा टाकत म्हणाली, "आमचे बाबा म्हणजे ना..."

"असू द्या हो," तो घाईघाईनं म्हणाला. "मला... काही त्रास नाही."

मग रोज सकाळी हेच. पण पाप कुठवर झाकणार? एका दुपारी मोठ्या मॅडमचाच फोन आला. त्यांनी स्पीकर लावला होता आणि भिंतवाला त्यांच्यासमोर उभा होता.

"फायरवॉलची नोंद बघतेय मी," मॅडमचा आवाज बर्फासारखा होता. "रोज नवा पत्ता! कोण शिरतंय माझ्या ऑफिसात? हे असंच चालणार असेल तर घरून काम बंद. बालवाडी दुसऱ्याकडे जाईल."

"मॅडम, मीच आहे ती," खारूच्या तोंडचं पाणी पळालं. "आमचा राउटर रोज बंद होतो, त्यामुळे..."

"बंद कोण करतं?"

"ते... वडील..."

"मी?" बाबा पेपर फडकावत ओरडले. "चिकटपट्टी लागल्यापासून बोट लावलं असेल तर शपथ! ही स्वतःच बंद करते रोज! कुबडीनं! मी डोळ्यांनी पाहिलंय!"

 खारूला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"असं," मॅडम म्हणाल्या. मग आवाज दुसरीकडे वळला. "आणि तू रे? रोज पत्ता बदलत बसण्यापेक्षा कायमचा उपाय नव्हता तुझ्याकडे?"

"होता," खर्जातला आवाज पार बारीक झाला होता. "एक छोटा डबा असतो. राउटरला जोडला की पत्ता कितीही बदलो, तिला सुरक्षित आत येता येतं. मागवला होता."

"मग? आला नाही?"

"पहिल्याच आठवड्यात आला. मी... मॉनिटरखाली ठेवलाय. उंचीला."

 मॅडम म्हणाल्या, "फायरवॉल म्हणजे पोरखेळ नाही. नकाशा चांगला झालाय म्हणून दोघं वाचलात. डबा घे, आत्ता हिच्या घरी जा आणि कायमचा बंदोबस्त करून ये."

संध्याकाळी दारात उभा राहिलेला माणूस बघून खारू चाटच पडली. एवढा भरदार आवाज या काडीपैलवानाच्या कुठल्या कोपऱ्यातून यायचा? चष्मा नाकावरून घसरलेला, कान लालबुंद, डबा छातीशी धरलेला.

"मी... भिंत..." तो म्हणाला.

"या ना," ती म्हणाली, आणि तिचेही कान तापले.

त्यानं वायर जोडल्या. बाबा त्याच्या डोक्याशी उभे राहून वीज किती खाईल ते विचारत होते. आईनं त्यांना दंडाला धरून आत नेलं. डब्यावर हिरवा दिवा लागला.

"झालं," तो म्हणाला. "आता वाटेल तेव्हा बंद करा. मला फोन करायची गरज नाही पडणार."

"कधीच?"

"कधीच."

तो उगाचच वायर सरळ करत राहिला. खारू प्लास्टरवरची रेघ नखानं खरवडत राहिली.

"आणि गरज नसताना केला तर?"

त्याचा हात थांबला. "मी तो डबा लपवून ठेवला..." तो खाली बघूनच म्हणाला, "कारण सकाळ झाली की मला तुमचा आवाज लागायचा. आकडे कुठलेही वाचा... मी ऐकायचो. नोकरी जायची वेळ आली तरी तो डबा काढवेना."

"मी लंगडत जाऊन बटण दाबायचे," खारू म्हणाली. "डॉक्टरांनी उठायलाही बंदी केली होती."

आता मात्र त्यानं वर पाहिलं. चष्मा पुन्हा घसरला, आणि तो सावरायचं भानच त्याला राहिलं नाही.

आतून आईची हाक आली, "अगं, विचार त्यांना, जेवायला थांबताय का म्हणावं!"

खारूनं त्याच्याकडे बघितलं. एक श्वास घेतला.

"थांबतोस?"

त्यानं तो शब्द मनातल्या मनात पुन्हा एकदा ऐकला असावा, कारण उत्तर यायला अंमळ वेळ लागला. "थांबतो," तो म्हणाला.

"आई," खारूनं ओरडून सांगितलं, "तो थांबतोय!"